आजचं चिंतन : गीता १८.६३ – सांगून झाल्यावर



आज गीतेच्या अठराव्या अध्यायातला ६३वा श्लोक घेऊया. भावार्थ साधा आहे. भगवंत अर्जुनाला म्हणतात की गुपितातलं गुपित असं हे ज्ञान मी तुला सांगितलं. आता यावर नीट, पूर्ण विचार कर, आणि मग तुझी इच्छा असेल तसं कर.

पारायणात हा श्लोक पटकन निघून जातो. तीनच श्लोकांनंतर शरणागतीचा ६६वा श्लोक येतो आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे लागलेलं असतं. पण इथे थोडं थांबून बघा. सांगणारा कोण आहे? अकराव्या अध्यायात ज्याचं विश्वरूप बघून अर्जुनाला कापरं भरलं, तो. ऐकणारा कोण आहे? दुसऱ्या अध्यायात ज्याने स्वतःहून शिष्यत्व पत्करलं, तो. आणि वेळ? दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी आहेत. हुकूम सोडायला याहून सोयीची वेळ मिळणार नाही. नेमकं तिथेच भगवंत निर्णय अर्जुनाच्या हातात परत देतात.

आणि आपण? मित्राने नुसतं "जॉब सोडावा का रे?" असं विचारलं, की पाच मिनिटांत त्याचा निर्णय आपणच घेऊन मोकळे होतो. तेही प्रेमापोटी. म्हणून आजचा प्रश्न असा : कुणाला त्याच्या आयुष्याबद्दल काही सांगताना आपली भाषा निर्णय कुणाच्या हातात ठेवते?

एकच सल्ला, पाच क्रियापदं

समजा मैत्रीण तीन महिने नीट झोपलेली नाही आणि तिने डॉक्टरांना भेटावं असं तुम्हाला वाटतंय. मराठीत हे किती प्रकारे सांगता येतं बघा. "डॉक्टरकडे जा." "डॉक्टरकडे जायलाच पाहिजे." "तू जावंस असं मला वाटतं." "एकदा जाऊन बघतेस का?" "आपण दोघी जाऊया का?"

सल्ला पाचही वेळा तोच आहे. पण पहिल्या वाक्यात बोलणारी वर आहे आणि ऐकणारी खाली. दुसऱ्या वाक्यात तर बोलणारी दिसतच नाही, फक्त एक नियम दिसतो. तिसऱ्यात "मला वाटतं" आल्यामुळे हे एका माणसाचं मत आहे हे कळतं, आणि मताशी असहमत होता येतं. चौथं वाक्य प्रश्न आहे, त्याला "नको" हे सरळ उत्तर आहे. पाचव्यात सांगणारी स्वतः रिक्षात बसायला तयार आहे.

मराठीत आणखी एक गोष्ट आहे. इंग्रजीत "वुई" एकच, हिंदीत "हम" एकच. आपल्याकडे मात्र "आम्ही" आणि "आपण" वेगळे. "आपल्याकडे असं करतात" आणि "आमच्याकडे असं करतात" यांतला फरक लग्न होऊन नव्या घरात आलेल्या कुठल्याही मुलीला विचारा. दुसऱ्या वाक्यात ती अजून दाराबाहेर उभी आहे. सासूबाई गोड आवाजात बोलल्या तरी आहे.

भाषा बदलणं हाही एक प्रकार आहे. बोलणं मराठीत चाललेलं असताना समोरचा एकदम "लुक, बी प्रॅक्टिकल" असं म्हणतो, तेव्हा तो फक्त भाषा बदलत नाही. आता मी अनुभवी आणि तू भावनिक, अशी जागांची वाटणी करून टाकतो. आपल्या भक्तांच्या जगात इंग्रजीचं हे काम बऱ्याचदा संस्कृत करतं. समोरच्याला श्लोकाचा अर्थ माहीत नाही हे ठाऊक असताना श्लोक फेकायचा, की पुढे बोलणंच बंद. ज्ञानेश्वर माउलींनी १२९० साली नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा गीता लोकांच्या भाषेत आली. म्हणजे नुसती ऐकायची सोय झाली असं नाही. ऐकून स्वतः विचार करायची सोय झाली. ६३व्या श्लोकात भगवंतांनी अर्जुनाला जे करायला सांगितलं, ते करण्याचं साधन तुमच्या-माझ्यासारख्यांच्या हातात आलं.

कोरं पत्र

बोलण्याआधीच वर-खाली ठरवून टाकण्याची ही अडचण आपल्या संतपरंपरेला चांगली माहीत होती. चांगदेवांची कथा आठवा. चौदाशे वर्षं जगलेले मोठे योगी, असं परंपरा सांगते. त्यांना ज्ञानदेवांना पत्र लिहायचं होतं आणि ते मायन्यापाशीच अडले. वयाने लहान म्हणून "चिरंजीव" लिहावं, तर ज्ञानाने मोठे. "तीर्थरूप" लिहावं, तर वयाने कितीतरी लहान. शेवटी त्यांनी कोरा कागद पाठवला. तो बघून मुक्ताबाई म्हणाल्या की इतकी वर्षं जगून हे अजून कोरेच राहिले!

आपण या गोष्टीवर हसतो. पण चांगदेवांची अडचण खरी होती. मायना लिहिला की कोण वर आणि कोण खाली हे ठरणार होतं, आणि पुढचं सगळं पत्र त्याच सुरात जाणार होतं. ज्ञानदेवांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच चांगदेव पासष्टी. त्या ओव्यांमध्ये लहान-मोठं हा प्रश्नच विरघळून जातो. तुझ्यात आणि माझ्यात एकच आत्मतत्त्व आहे, मग कोण कुणाला कुठून बोलणार, असा तिचा रोख आहे. म्हणजे माउली उपदेश करतात, पण उंचावर बसून करत नाहीत.

आणि मुक्ताबाई! चार भावंडांत सगळ्यांत धाकट्या. ज्ञानदेव लोकांच्या बोलण्याने दुखावून झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभं राहून त्यांची समजूत या धाकट्या बहिणीने घातली. ते ताटीचे अभंग. त्यात त्या भावाला हक्काने सांगतात, पण क्रियापद आदराचं वापरतात, आणि योगी कसा असतो, संत कसा असतो याची आठवण करून देतात. ताटी आतून लावलेली होती. ती आतूनच उघडायची होती, हे त्यांना कळत होतं.

मस्ट, शुड आणि मे

आता थोडं माझ्या कामाच्या जगातलं. इंटरनेट ज्या तांत्रिक दस्तऐवजांवर चालतं त्यांना आरएफसी म्हणतात. त्यांतला २११९ क्रमांकाचा दस्तऐवज १९९७ सालचा आहे, अगदी छोटासा. त्याचं काम एवढंच की "मस्ट", "शुड", "मे" अशा शब्दांचे अर्थ पक्के करायचे, म्हणजे जगभरच्या इंजिनिअरांना नेमकं कळेल की काय सक्तीचं आहे आणि काय ऐच्छिक.

त्यात "शुड"चा अर्थ फार छान सांगितलाय. एखाद्या परिस्थितीत ही सूचना न पाळण्याची रास्त कारणं असू शकतात. पण वेगळा मार्ग धरण्याआधी परिणाम पूर्ण समजून घ्या, नीट तोलून बघा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थेट १८.६३ आठवला. पूर्ण विचार कर, मग तुझ्या इच्छेने कर. पुढे तोच दस्तऐवज असंही बजावतो की सक्तीचे शब्द जपून आणि कमी वापरा. जिथे खरंच गरज आहे किंवा नुकसान टाळायचंय तिथेच. आपल्या आवडीची पद्धत दुसऱ्यावर लादण्यासाठी ते वापरू नका.

यंत्रं एकमेकांशी कशी बोलतील हे लिहितानासुद्धा लोकांनी एवढी काळजी घेतली. आणि आपण जिवंत माणसाशी, त्याच्या लग्नाबद्दल, आईवडिलांबद्दल, आजाराबद्दल बोलताना सरसकट "मस्ट" वापरतो.

देवाच्या नावाने

आपल्यासारख्यांनी सगळ्यांत जास्त सांभाळायची जागा ही आहे. भक्ताच्या हातात एक असा शब्द आहे जो इतरांच्या हातात नाही. "देवाचीच तशी इच्छा आहे." "तुझी श्रद्धा कमी पडतेय." "प्रारब्ध आहे, भोगून संपवायचं." "नामस्मरण वाढव, सगळं ठीक होईल."

ही वाक्यं माणूस स्वतःला म्हणतो तेव्हा त्यांतून बळ मिळतं. मीही म्हणतो. पण दुसऱ्याला म्हटली की काय होतं? माझं मत देवाच्या तोंडी जातं. आता समोरच्याला माझं म्हणणं नाकारायचं असेल, तर त्याला देवालाच नाकारावं लागतं. तो बिचारा गप्प बसतो. त्याचं गप्प बसणं आपल्याला पटल्यासारखं वाटतं.

माझ्या ओळखीची एक ताई आहे. आईला विस्मरणाचा आजार, घरात दुसरं कुणी नाही, स्वतःची नोकरी. रात्री आई दार उघडून बाहेर जायची. आईला काळजी घेणाऱ्या केंद्रात ठेवावं का, हा प्रश्न तिने एका सत्संग गटात मोकळेपणाने मांडला. लोक चांगले होते, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. उत्तरं आली ती अशी : आईला असं कुणी ठेवतं का? पुंडलिकाने काय केलं आठव. मातृसेवा हीच खरी भक्ती. एकाही उत्तरात प्रश्न नव्हता. रात्री किती वाजता झोपतेस, आई पडली होती का, पैसे पुरतात का, हे कुणीच विचारलं नाही. ताईने महिनाभर आणखी ओढलं आणि शेवटी आईला केंद्रात ठेवलं. ती रोज संध्याकाळी तिथे जाते. आईला भरवते. गटात मात्र परत गेली नाही. कुणी तिला "येऊ नको" म्हटलं नव्हतं. पण सल्ला ज्या भाषेत आला होता त्या भाषेत, तो न मानणारी मुलगी भक्त उरतच नव्हती.

मला हे फार लागलं. केंद्र बरोबर की चूक हा वेगळा विषय आहे, त्यात दोन मतं असू शकतात. पण गटातल्या लोकांचं म्हणणं न ऐकल्याची किंमत म्हणून तिचं सत्संगातलं स्थान गेलं. पुंडलिकाची कथा आपण सेवेसाठी सांगतो. तिथे तर देव स्वतः विटेवर उभा राहून वाट बघत थांबला. घाई आपल्याला असते.

भगवंतांनी कसं सांगितलं

आता गीतेकडे परत येऊ. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत अर्जुनाला दोन श्लोकांत चांगलं फटकारतात. हे तुला शोभत नाही, दुबळेपणा सोड, ऊठ. रणांगणावरची भाषा. गीता तिथेच संपू शकली असती. पण अर्जुन उठला नाही. त्याने आपली शंका पुन्हा मांडली, मग सातव्या श्लोकात "मी तुझा शिष्य, मला शिकव" अशी विनंती केली, आणि लढणार नाही म्हणून गप्प बसला. खरा उपदेश सुरू होतो तो अकराव्या श्लोकापासून, म्हणजे मागितल्यानंतर. मग अठराव्या अध्यायापर्यंत अर्जुन विचारत राहतो. तुमचं म्हणणं गोंधळात टाकणारं आहे, असंही तो तोंडावर सांगतो. भगवंत एकदाही "मी सांगतोय ना, मग प्रश्न कसले?" असं म्हणत नाहीत.

बाराव्या अध्यायातले ८ ते ११ हे श्लोक तर सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने जवळ ठेवावेत. मन माझ्या ठायी स्थिर कर. ते जमत नसेल तर अभ्यास कर. तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. तेही जमत नसेल तर कर्माचं फळ सोड. प्रत्येक "जमत नाही"ला एक नवी पायरी मिळते. ऐकणाऱ्याला जमेल तिथपर्यंत सांगणारा खाली येतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

अठराव्या अध्यायात ६७व्या श्लोकात आणखी एक पथ्य येतं : ज्याची ऐकायची इच्छा नाही त्याला हे सांगू नकोस. किती साधी गोष्ट! न विचारता दिलेला सल्ला, मग तो गीतेतला का असेना, गीतेलाच मान्य नाही.

आणि ७२व्या श्लोकात शेवटी भगवंत काय करतात? विचारतात. लक्ष देऊन ऐकलंस का? तुझा मोह गेला का? त्यानंतर ७३व्यात अर्जुन म्हणतो की शंका गेली, तुझ्या सांगण्याप्रमाणे करीन. तो "हो" म्हणतो याला किंमत आहे, कारण त्याआधी विचार करून ठरवायची मोकळीक दिलेली होती.

पण "तुझी मर्जी" हेही हत्यार असतं

इथे एक शंका तुमच्या मनात आली असेल. "तुला वाटेल ते कर" हे वाक्य आपल्या घरांत काही कमी ऐकू येत नाही. "बघ बाबा, तुझं तू ठरव. आम्ही काय, सांगायचं काम केलं." शब्द बघितले तर १८.६३सारखेच. पण ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण त्याला कळतं की आता आठ दिवस अबोला आहे.

म्हणजे मऊ क्रियापद वापरलं की झालं, असं नाही. "जावंस", "बघ ना", "का नाही करत?" यांतूनही सक्ती करता येते, आणि ती जास्त त्रास देते. उघड हुकमाला निदान "नाही" म्हणता येतं.

मग फरक कुठे आहे? मला सापडलेलं उत्तर ६४व्या श्लोकात आहे. "इच्छा असेल तसं कर" म्हणून भगवंत तोंड फिरवत नाहीत. लगेच पुढे म्हणतात की तू मला फार प्रिय आहेस, म्हणून तुझ्या हिताचं पुन्हा सांगतो. ते बसलेत सारथ्याच्या जागेवर, हातात घोड्यांचे लगाम आहेत, आणि ती जागा सोडायची भाषा कुठेही नाही. ६६व्या श्लोकातली शरण येण्याची हाक आज्ञेच्या रूपात आहे हे खरं. पण ती या मोकळिकीनंतर आणि या प्रेमाच्या शब्दानंतर येते, म्हणून ती दटावणी वाटत नाही.

तेव्हा कसोटी अशी : समोरच्याने माझा सल्ला मानला नाही, तर आमच्यातलं काय बदलेल? उद्या मी त्याला तितक्याच आपुलकीने फोन करीन का? सहा महिन्यांनी तो अडचणीत आला तर "मी म्हणालो होतो" हे गिळून मदत करीन का? उत्तर "हो" असेल तर माझं क्रियापद थोडं कडक झालं तरी चालेल. आजीचं "गप जेव आधी" कुणाला सत्ता वाटत नाही. उत्तर "नाही" असेल, तर कितीही गोड बोललो तरी तो हुकूमच आहे.

मग ठाम बोलायचंच नाही का?

बोलायचं. ६३च्या आधीचे श्लोक वाचा. ५८ ते ६० मध्ये भगवंत परखडपणे सांगतात की अहंकाराने ऐकलं नाहीस तर नाश होईल, आणि लढणार नाही म्हणालास तरी तुझा स्वभावच तुला ओढून नेईल. परिणाम लपवून दिलेली मोकळीक ही मोकळीक नसते. मित्र कर्ज काढून शेअर बाजारात उतरत असेल तर "मला हे धोक्याचं वाटतं, आणि ही माझी कारणं" असं स्पष्ट सांगणं हे प्रेमच आहे. कारणं सांगितली की तो तोलून बघू शकतो.

आणि काही प्रसंगी "मस्ट"च हवं. कुणी जीव द्यायच्या गोष्टी करत असेल, कुणाला घरात मारहाण होत असेल, छातीत कळ येत असेल, तेव्हा "तू विचार कर आणि ठरव" म्हणायची वेळ नसते. "तिथेच थांब, मी येतोय" हे आज्ञार्थातलं वाक्य तेव्हा सगळ्यांत दयाळू असतं. आरएफसीही तेच सांगते ना, नुकसान टाळायचं असेल तिथे सक्तीचा शब्द वापरा. जीव वाचला तर पुढचे निर्णय घ्यायला तो माणूस असणार आहे.

आजचा संकल्प

आज दिवसभरात कुणीतरी काहीतरी विचारेलच. तेव्हा तीन गोष्टी करून बघूया.

१. उत्तर देण्याआधी एक खराखुरा प्रश्न विचारायचा. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही असा.

२. जे माझं मत आहे ते "मला वाटतं" म्हणूनच सांगायचं. त्याला शास्त्राचा, लोकांचा किंवा देवाचा वेश चढवायचा नाही.

३. सांगून झाल्यावर, सल्ला मानला न मानला तरी मी आहे, हे त्याला कळेल असं वागायचं. बोलूनच दाखवायला हवं असं नाही. चार दिवसांनी "कशी आहेस?" एवढा मेसेज पुरतो. "मग काय ठरवलंस?" हा नको.

अर्जुनाचा रथ कुठे न्यायचा हे अर्जुनाने ठरवायचं होतं. हाकणारा त्याच्यासोबत होता. आपल्या मित्रमैत्रिणींच्या रथावर आपल्याला जागा मिळालीच, तर ती सारथ्याची असते, एवढं ध्यानात राहू दे, हीच आज पांडुरंगाच्या पायाशी प्रार्थना.

उद्या ६४वा श्लोक घेऊ.

राम कृष्ण हरी!